घोडके बाईंचा शनिवार

केजहून येणारी गाडी धारूरच्या स्टँडवर लागली की कंडक्टर खिडकीतनं डोकं बाहेर काढून ओरडायचा, "घोडके बाईंचं मेलेलं आलंय! कोन नेतंय?"

नवा प्रवासी दचकायचा. आम्ही दचकत नव्हतो. रसवंतीवाला, रिक्षावाला, नाहीतर मी, कुणीतरी हात पुढं करायचं आणि कंडक्टर पेपरात गुंडाळलेलं गाठोडं हातावर ठेवायचा. कधी घुबड, कधी मुंगूस, कधी तारेला चिकटून मेलेलं वटवाघूळ. एकदा गाठोडं गाडीतच चालायला लागलं. आत घोरपड होती. ती मेलेली नव्हती, नुसती रुसली होती. त्या दिवशी पुढच्या गावची माणसं अलीकडच्याच गावाला उतरली.

बाईंनी तालुकाभर सांगून ठेवलं होतं, रस्त्यावर काही मेलेलं दिसलं तर फेकू नका, मला पाठवा. पण मारू नका. मारलेलं त्या घ्यायच्या नाहीत. डोक्यावर काठीचा घाव दिसला की गाठोडं तसंच परत जायचं आणि पाठवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. नीट मेलेलं आलं तर आधी वन खात्याच्या साहेबाला फोन, मग चहा, मग काम.

मी फार शिकलेला माणूस नाही. जन्म बैलबाजारात गेला, दलाली केली. लिहायला बसलोय ते एवढ्यासाठी की बाईंची आठवण काढायला गेलं की गावातली माणसं दोनच गोष्टी सांगतात, एक त्यांच्या फ्रीजची आणि दुसरी नागपंचमीची. बाई एवढ्याच नव्हत्या.

फ्रीजचं खरं आहे. वरच्या कप्प्यात बर्फ, खालच्या कप्प्यात भारद्वाज. त्यामुळं त्यांच्या घरी पाणीसुद्धा कुणी पीत नव्हतं. आमची गोदा तेवढी प्यायची. गोदा म्हणजे माझी बायको. मी म्हणायचो, "त्या मढ्यांच्या घरात तुला चहा जातो कसा गं?" ती म्हणायची, "दूध वरच्या कप्प्यात असतंय."

निर्मला घोडके हे त्यांचं पूर्ण नाव. अंगानं आडव्या, आवाजानं उभ्या. हातात पुरुषी घड्याळ, दाढेखाली कायम ओवा, आणि बसायला एक जुनी लुना, जी चढाला बाईंनी ढकलायची आणि उताराला बाईंना पळवायची. कॉलेजात प्राणी शिकवून रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बगायला आलतं एकजण. पण त्याला पालीची भीती वाटायची."

कॉलेजच्या मागं पत्र्याची एक लांब खोली होती. बोर्डावर 'निसर्ग संग्रहालय' असं लिहिलेलं, पण गावात तिला मेलेल्यांची खोली म्हणायचे. आत काय नव्हतं? सुगरणीची घरटी, साळिंदराचे काटे, औषधाच्या बरण्यांत साप, डोंगरातले चकाकते दगड, आणि दारातच भुसा भरलेला लांडगा. लांडगा बाईंनी उमेदीच्या काळात स्वतः भरलेला. त्याचं पोट जास्त भरलं गेलं होतं आणि तोंड कमी. त्याला बघून शेळी हसली असती. बाईंनाही ते माहीत होतं. "माझं पहिलं काम हाय," म्हणायच्या, "पहिल्या भाकरीसारखं. गोल यायची न्हाई."

आता शनिवारचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

बाई रिटायर झाल्या तेव्हा संस्थेच्या सेक्रेटरींना ती खोली पाहिजे होती. कॉम्प्युटर ठेवायचे होते. सामान मागच्या शेडमध्ये टाकू म्हणाले. शेडला वाळवी, वरून गळती. महिन्यात लांडग्याचा भुसा आणि घरट्यांची माती झाली असती. बाई सेक्रेटरींच्या घरी गेल्या, ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "दर शनिवारी संध्याकाळी सहाला मी खोलीत बोलणार. साऱ्या गावासाठी, फुकट. ज्या शनिवारी एक बी माणूस ऐकायला येणार न्हाई, त्या शनिवारी किल्ली तुमच्या हातात."

सेक्रेटरी हसले. माणूस वाईट नव्हता, पण गावाला ओळखून होता. "बाई, कीर्तनाला माणूस जमंना. तुमच्या मुंगसाला कोन येतंय? दोन शनिवार काढा."

"दोन काढते," बाई म्हणाल्या, "मंग तिसरा बगू."

तेव्हापासून दर शनिवारी सहाला कॉलेजचा क्लार्क खोलीच्या दारात यायचा, आत डोकवायचा, माणसं मोजायचा आणि जायचा. त्याला तेवढंच काम दिलं होतं.

गोदा तिथं गेली ती मेलेला खंड्या द्यायला. आमच्या विहिरीत पडलेला. शनिवार होता, तिथंच बसली, आणि आठला घरी आली ती चुलीपुढं उभी राहून मला म्हणाली, "आवं, कोळिणीला आठ डोळं असत्यात. आन् तुमाला दोन असून मिठाचा डबा दिसत न्हाई." त्यानंतर तिनं शनिवार चुकवला नाही. मला दोनचार वेळा ओढून बघितलं. मी गेलो नाही. मग एकदा तिनंच डिवचलं, "बाई म्हनत्यात, जनावराचं वय दातावरनं सांगणारा माणूस बाजारात आता राहिला न्हाई."

कावून राहिला न्हाई? मी गेलो.

बाईंनी टेबलावर एक कवटी ठेवली होती, खालच्या जबड्यासकट. बोलणं दातांवरच चाललं होतं. मी मागून म्हणालो, "द्या हिकडं." बाजारात माझ्या हाताखालून हजारो तोंडं गेलेली. ओठ वर करायचा, दात बघायचा, रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबायची, सौदा मोकळा. मी कवटी उचलली, अंगठा फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "कालवड. चार दाती. गरीब स्वभावाची. खानदान चांगलं दिसतंय."

बाईंनी दाढेखालचा ओवा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला नेला.

"भानुदासराव, विकत घेतली असती का?"

"डोळे झाकून."

"मंग दावं मजबूत आणा. ही रोही हाय. नागझरीच्या वळणावर ट्रकनं उडवलेली."

रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडं पिकात शिरते ती. खोलीत असा हशा पिकला की पत्रे वाजले. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल तर आमच्या मंडळी. डोळ्याला पदर लावून हसत होती. मी तावातावानं म्हणालो, "वय तर बरोबर हाय का न्हाई?" बाई म्हणाल्या, "वय अगदी बरोबर. जात तेवढी चुकली. पण आपल्याकडं लोकांचं उलटं असतंय, जातच तेवढी पाठ असती. तुमी बसा पुढं."

पुढं बसलो ते बसलोच. पण आमची जागा ठरलेली होती. गोदा पहिल्या बाकावर, मी भिंतीला.

बाई बोलायच्या कशा? समोर एक वस्तू ठेवायच्या आणि आधी गप्प बसायच्या. "बगा," म्हणायच्या. आम्ही बघायचो. "अजून बगा." माणसं चुळबुळायची. कुणी म्हणायचं, बाई नाव तरी सांगा. "नाव कशाला घाई? पोलीस हायस का तू?" मग आम्हीच एकेक बोलायला लागायचो, चोच वाकडी आहे, पायाला मागं दोन बोटं आहेत, आणि बाई नुसत्या मान हलवायच्या. शेवटी नाव सांगायच्या तेव्हा ते आपणच ठेवल्यासारखं वाटायचं. चुकीचं बोललेल्याला हसायला आमची मोकळीक होती. माहीत नसलेलं विचारलं तर बाई सरळ म्हणायच्या, "मला ठावं न्हाई." मास्तर माणसाच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या मास्तरांना सगळं ठाऊक होतं, म्हणून मी चौथीतनं पळालो.

खरा ताप दिवाळीनंतर. आमच्या भागातले निम्मे लोक ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टर भरून कोयते, भांडी, पोरं, शेळ्या सगळं निघतं ते कारखाने बंद होईपर्यंत परत येत नाही. वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. शनिवारचे बाक रिकामे पडायचे. बाईंना त्या लोकांच्या जाण्याचं वाईट वाटायचं ते बाकांसाठी नव्हे. जाण्याआधीच्या शनिवारी त्या फक्त सापावर बोलायच्या. उसाच्या पाचटात हात घालायच्या आधी काय करायचं, चावला तर मांत्रिक नाही, दवाखाना, तोही कोणता, हे बायांकडून म्हणून घ्यायच्या. "पुन्हा म्हना," असं चारचारदा. एक बाई वैतागून म्हणाली, "पाठ झालं की वो!" बाई म्हणाल्या, "पाठ झालं न्हाई, तोंडात आलं पायजे. झोपेत बी."

रिकाम्या बाकांचाच एक शनिवार. थंडीचे दिवस, गोदाला ताप, मी तिच्याजवळ. खोलीत आला फक्त रमजान टेलर. तो बाईंचा शेजारी, पण तो यायचा ते झोपायला. दुकानात मशिनीचा आवाज, घरात नातवंडं, तेव्हा शनिवारी तासभर बाईंच्या खोलीत भिंतीला टेकून घोरायचा. क्लार्क आला, बघितलं, म्हणाला, "बाई, हे तर झोपलेत. हे धरता यायचं न्हाई."

"कावून?"

"ऐकणारा पायजे असं ठरलंय."

"सेक्रेटरीसायबाला विचारून ये. 'ऐकायला येणारा' ठरलंय. ते ऐकायलाच आलेत. आल्यावर झोप लागली, हा माझ्या बोलण्याचा दोष. त्याला किल्ली कशाला?"

क्लार्क खरंच विचारून आला. सेक्रेटरी म्हणाले म्हणे, "मी सभेला माणसं आणतो ती बी झोपत्यात. धर." मग बाई तासभर बोलल्या, वटवाघळावर, एकदम हलक्या आवाजात. का, तर रमजानभाई जागे होऊन घरी जाऊ नयेत.

नागपंचमीची गोष्ट गाव वेगळीच सांगतं. खरी अशी. त्या वर्षी नागपंचमी शनिवारी आली. बाईंना वाटलं, बरी संधी आहे, साप दूध पीत नाही हे एकदा सांगून टाकू. त्यांनी रिक्षावर भोंगा लावून पुकारलं, "नागपंचमीला संध्याकाळी सहा वाजता नागोबा जवळून बघायला संग्रहालयात या." बस्स, एवढंच पुकारलं.

सहाला जाऊन बघतो तर खोलीच्या बाहेर नव्या साड्यांची रांग. हातात ताटं, लाह्या, हळदीकुंकू, आणि प्रत्येकीच्या वाटीत दूध. गावात वारूळं राहिली नाहीत, प्लॉट पडले. बायांना वाटलं, बाईंनी सोय केली. टेबलावर बरणीत नाग होता, फणा काढलेला, औषधात बुडवलेला. पहिल्या म्हातारीनं बरणीला कुंकू लावलं, नमस्कार केला आणि झाकण फिरवायला लागली.

"आजी! झाकण नको!" बाई ओरडल्या.

"दूध घालते की गं."

"आजी, तो औषधात हाय. दूध घातलं तर नासंल."

"दूध नासंल का नागोबा?"

भाषण तयार करून आणलेलं, पण ते कुणासमोर करणार? बाया बरणीला दोरा गुंडाळत होत्या. मला वाटलं आता फुटतात. पण बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "हळदकुंकू काचेला लावा, लाह्या भुईवर ठेवा. दुधाचं पातेलं तिकडं हाय, त्यात ओता. गोदाबाई, चहा ठेवा." त्या संध्याकाळी साठसत्तर बायांनी नागोबाच्या दुधाचा चहा पिला, आणि चहा पिता पिता बाईंनी बरणी वर धरून सापाची जीभ दाखवली. "हिनं तो वास घेतो. आता सांगा, असल्या दोन टोकांच्या जिभेनं वाटीतलं दूध प्यायचं कसं?" म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मग इतकी वर्सं आमचं दूध कोन पेलं?" मागून कुणीतरी म्हणालं, "मांजर!" बाई म्हणाल्या, "मला वर्षभर लागलं असतं हे सांगायला."

क्लार्कनं त्या दिवशी मोजणं मध्येच सोडून दिलं आणि चहा घेतला.

गोदाला सगळ्यांत आवडायचे ते कावळे आणि शेणकिडा. कावळ्यांवर बाई बोलल्या तेव्हा गोदानं विचारलं, "बाई, पिंडाला कावळा कावून शिवत न्हाई कधी कधी?"

"माणसं अंगावर जात्यात म्हणून. पन्नासजण गोल करून बघत बसल्यावर तुमी तरी जेवाल का?"

"मंग माझ्या टायमाला तुमी या," गोदा म्हणाली, "आन् गर्दी हटवा. आमच्या ह्यांच्याच्यानं व्हायचं न्हाई, हे स्वतःच पुढं उभं राहत्याल."

सगळे हसले. मीही हसलो.

ती गेली. त्याचं जास्त लिहीत नाही. चांगली होती, दुपारी ज्वारी निवडता निवडता छातीला हात लावला आणि गेली. घर एवढं गप्प झालं की मला घड्याळाचा राग यायला लागला.

दहावा शनिवारी आला. सकाळी ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या लिंबावर बसलेले, चांगले सातआठ, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. भटजींनी सांगितलं, काही इच्छा राहिली असेल तर बोला. भाऊबंद एकेक पुढं झाले. पुतण्याचं लग्न करू. शेत विकणार नाही. धाकट्या भावाशी बोलू. कावळे पिसं साफ करत बसले. माझं गोदाशी कधी खोटं नव्हतं, मग राहिलं काय असेल?

तेवढ्यात मागून लुना आली. बाई उतरल्या, लिंबाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि शिंगरू हाकावं तसे हात केले. "सरा मागं. सगळे. बांधाच्या पलीकडं. ती लाल छत्री मिटव बे. कोनी बोट दाखवायचं न्हाई." बाईमाणूस दहाव्याला येऊन माणसं हाकतंय म्हणून दोघं कुरकुरले. मी म्हणालो, "सरका. तिचा हुकूम हाय." सगळे बांधापलीकडं गेले. मी जाता जाता पिंडाकडं तोंड करून म्हणालो, कुणाला ऐकू जाऊ नये असं, "शनिवारी तुझ्या बाकावर मी बसत जाईन."

बांधावर पाय ठेवला आणि कावळा आला. एक आला, मग सगळेच आले.

पुतण्या रडत म्हणाला, "काकूनं काकाचं ऐकलं." बाई म्हणाल्या, "माणसं हटली म्हणून आला." माझ्यापुरती दोन्ही खरी होती. परत जाताना बाईंनी लुना ढकलता ढकलता मला विचारलं, "तुमी काय पुटपुटलाव?" मी सांगितलं. त्या थांबल्या, ओवा चावला. "मंग संध्याकाळी या," म्हणाल्या.

पुतण्या म्हणाला, लोक काय म्हणतील, दहाव्याच्या संध्याकाळी व्याख्यानाला? मी म्हणालो, लोक काहीच म्हणणार नाहीत, लोक येतच नाहीत. आणि तसंच झालं. बाई दुःखात आहेत, आज काय बोलतात, असं धरून कुणीच आलं नाही. रमजानभाई लेकीकडं परळीला गेलेले. सहाला मी टकल्या डोक्यानं आत गेलो तेव्हा क्लार्क दारात उभा होता आणि किल्ली टेबलावर काढून ठेवलेली होती. बाईंनी स्वतः काढून ठेवलेली. शब्दाच्या पक्क्या. क्लार्कनं माझ्याकडं बघितलं, एक बोट दुमडलं आणि निघून गेला. बाईंनी किल्ली परत कमरेला लावली.

"काय ऐकायचं?" त्यांनी विचारलं.

"हिला शेणकिडा आवडायचा."

"बसा."

मी पहिल्या बाकावर बसलो. बाई माझ्या एकट्यासाठी उभ्या राहून तासभर बोलल्या, भरल्या खोलीत बोलाव्या तशा, मोठ्यानं. नर कसा शेणाचा गोळा करतो, उलटा होऊन मागच्या पायांनी कसा ढकलतो, मादी कशी बरोबर चालते, कधी गोळ्यावरच बसून फिरते. बाजारहाट करून आलेल्या नवराबायकोसारखं. मला हसू आलं. मग मी विचारलं, "बाई, बायको मेली तर तो गोळ्याचं काय करतो?"

बाई टेबलामागून पुढं आल्या.

"ठावं न्हाई, भानुदासराव. मी बगितलं न्हाई. बगून सांगते."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. पावसाळ्यात एके सकाळी आमच्या गोठ्यासमोर लुना थांबली. बाईंच्या गुडघ्यांना चिखल, लुगड्याला शेण. दारातूनच म्हणाल्या, "बगितलं. मादी मी उचलून बाजूला ठेवली. तो थांबला. गोळ्याभोवती हिंडला. मंग ढकलायला लागला."

"एकटाच?"

"एकटाच. पण एकच बगितला, एकावरनं काय म्हणता येत न्हाई." लुना वळवता वळवता पुन्हा बोलल्या, "मादी परत ठेवली त्याच्याजवळ. तुमी काळजी करू नका."

मी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी भाकरी थापली. जळाली, पण खाल्ली.

पुढं बाईंचे डोळे गेले. काचबिंदू. ऑपरेशन केलं तरी उजेडअंधार तेवढा राहिला. घुबडाला हात लावून 'ही घार' म्हणाल्या तेव्हा त्यांनाच कळलं. लातूरची भाची न्यायला येणार हे ठरलं, आणि सेक्रेटरींनी निरोप पाठवला की आता बाई, शब्दाप्रमाणे किल्ली. बाई पुन्हा त्याच ओसरीवर जाऊन बसल्या. "ऐकायला कोन आलं न्हाई तर किल्ली, असं ठरलंय. बोलणारी मीच पायजे, असं कुठं ठरलंय?" सेक्रेटरी म्हणाले, "बाई, तुमी वकील का झाला न्हाईत?" बाई म्हणाल्या, "वकिलाला मेलेलं कोन पाठवतंय?"

बोलायला तयार केलं वर्षा मॅडमना. कॉलेजात नव्यानं लागलेली पोरगी, बाईंचीच विद्यार्थिनी. हुशार, पण आवाज एवढा बारीक की हजेरी घेताना पोरं पहिल्या बाकावर येऊन बसायची. ती नको नको म्हणत राहिली. बाईंनी जाहीर करून टाकलं, येत्या शनिवारी वर्षा मॅडम, विषय बेडूक.

मी त्या दिवशी केजला तहसीलला गेलतो, रेशनकार्डावरचं गोदाचं नाव कमी करायला. काम दुपारीच झालं, पण परळीला कुठल्यातरी पुढाऱ्याची सभा, सगळ्या जीपा माणसं भरून तिकडं गेलेल्या. धारूरची एक जीप उभी, ड्रायव्हर भरल्याशिवाय हलंना. "दोन शीट येऊ द्या, बाबा." मी म्हणालो, तीन शीटचे मी देतो, चल. तरी वाटेत ट्रकमागं अडकलोच. उतरलो तेव्हा सहा वाजून गेलेले. गावही सभेला गेलेलं. बाजारात कुत्रं नव्हतं. मी कॉलेजकडं पळालो. या वयात पळणं म्हणजे भरभर लंगडणं. डोक्यात एकच, रमजानभाई बी गेले असतील तर बाक रिकामा, पोरीची पहिलीच वेळ, आणि बाईंना जाता जाता किल्ली द्यावी लागणार.

खोलीच्या पायरीवर क्लार्क विडी ओढत बसला होता.

"गेली का किल्ली?"

"न्हाई. हाय एकजण."

मी खिडकीशी गेलो. वर्षा मॅडम टेबलामागं उभ्या, हातात कागद. समोर सगळे बाक मोकळे. आणि पहिल्या बाकावर बाई. काळा चष्मा, मांडीवर पिशवी, एक हात सरळ वर.

"शंका हाय," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्हाला कशाची शंका? तुम्हीच शिकवलंय मला हे."

"मला बाई म्हनू नको आज. माणूस म्हणून आलेय मी, ऐकायला. मोजलंय मला दारात. पैसा न्हाई दिला तरी हक्क हाय माझा. बेडूक ओरडतो कसा?"

"नर गळ्याची पिशवी फुगवून..."

"ते कागदावर झालं. ओरडतो कसा?"

वर्षा मॅडमनी दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. मी बाजूला सरकलो. आत जायचं माझ्या मनातच राहिलं. एक श्रोता पुरत होता, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता.

त्याच आठवड्यात भाची आली आणि बाई लातूरला गेल्या. मी तेव्हा ज्वारी काढायला रानात होतो, त्यामुळं मी शेवटच्या बघितलेल्या बाई त्या खिडकीतल्याच. त्या संध्याकाळी आतून आधी एक चिरका आवाज आला, कोंबडीच्या पिल्लासारखा. "हा बेडूक न्हाई, बेडकाचं स्वप्न हाय," बाई म्हणाल्या, "अजून." मग दुसरा आला, जरा बरा. मग तिसऱ्या वेळी वर्षा मॅडमनी डोळे मिटून, गाल फुगवून असा डराव काढला की पायरीवरचा क्लार्क उठून उभा राहिला. बाईंनी बाकावर थाप मारली, हात खाली घेतला, पिशवीतनं ओवा काढून तोंडात टाकला आणि पाय पसरून आरामात मागं टेकल्या.

"हां," म्हणाल्या, "आता ऐकू आलं. बोल पुढं."